दृष्टि मंदावली तरी वाचन थांबूं नये

वार्धक्यांत शरीराची जी जी शक्ति क्षीण होते तिची थोडीफार भरपाई घरांतील माणसें करूं शकतात. दांत गेले तर भात मऊ शिजवितां येतो, पाय थकले तर दारांत गाडी आणवितां येते, कान मंद झाले तर मोठ्यानें बोलतां येतें. परंतु ज्याचें आयुष्य पुस्तकांच्या सहवासांत गेलें त्याचे डोळे अधू झाले म्हणजे त्याच्या दिवसाचे जे चार-पांच तास एकदम रिकामे पडतात, ते भरून काढणें घरांतील कोणासच साधत नाहीं. टीव्हीसमोर खुर्ची मांडून दिली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. पण तेथूनच त्या वृद्धाच्या एकलकोंडेपणास आरंभ होतो. म्हणून दृष्टि मंदावलेल्या किंवा गेलेल्या माणसास बिनतारी ई-रीडरच्या साहाय्यानें पुन्हा वाचन कसें सुरू करतां येईल, याविषयीं चार उपयोगाच्या गोष्टी सांगण्याचें आम्ही या खेपेस योजिलें आहे.

आमचें कळंब हें मांजरेच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून होत असे. आज जे पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत त्यांच्या बाळपणीं मराठी पुस्तक ही सहज हातीं येणारी वस्तु नव्हती. अशा पिढीच्या हातून पुस्तक दुसऱ्यांदा निसटूं देणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

वाचून दाखविण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. चातुर्मासांत पोथी लावावी, एकानें वाचावी व दहांनीं ऐकावी, हा क्रम कित्येक घरांत अद्याप चालूं आहे. नवविधा भक्तींत श्रवणास पहिलें स्थान आहे. विदर्भांतील प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टि तान्हेपणींच गेली होती. तथापि दुसऱ्यांच्या मुखानें ग्रंथ ऐकून त्यांनीं शास्त्राध्ययन केलें आणि स्वतः विपुल ग्रंथरचना केली. तेव्हां कानांनीं मिळविलेली विद्या कमी प्रतीची मानण्यास कांहींच कारण नाहीं.

परंतु दुसऱ्यानें वाचून दाखविण्यांत एक अडचण असते व ती ऐकणारा सहसा बोलून दाखवीत नाहीं. सूनबाईंस स्वयंपाकघर सोडून या म्हणवत नाहीं. नातवास तेंच पान तिसऱ्यांदा वाच म्हणण्याचा संकोच वाटतो. प्रस्तावना कंटाळवाणी झाली तर ती गाळण्यास सांगावें कीं न सांगावें, असा प्रश्न पडतो. रात्रीं तीन वाजतां झोप उडाली तर कोणास उठवावयाचें? शिवाय प्रत्येक प्रौढ माणसास एकट्यानें वाचावीं अशीं कांहीं पुस्तकें असतात: आजाराविषयींचीं, मृत्यूविषयींचीं, किंवा केवळ हलक्याफुलक्या करमणुकीचीं. तीं नातवंडांकडून वाचवून घेणें अवघड जातें. वाचून दाखविणें ही प्रेमाची सेवा आहे व ती चालूंच ठेवावी. पण काय वाचावें, कोठें थांबावें व काय पुन्हा वाचावें हें ठरविण्याचा अधिकार वाचकाच्या हातीं परत देणें हें काम निराळें आहे. पुढील सारी खटपट त्या अधिकारासाठीं आहे.

आतां ई-रीडर म्हणजे काय तें पाहूं. लहान पाटीएवढ्या या यंत्राच्या पडद्यांत अतिसूक्ष्म कुप्या असून त्यांत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या योगानें हे कण वर-खालीं सरकतात आणि त्यांतून अक्षर उमटतें. फोनच्या पडद्याप्रमाणें यांतून प्रकाश डोळ्यांवर फेकला जात नाहीं. कागदाप्रमाणेंच बाहेरच्या उजेडांत हें वाचतां येतें, आणि बहुतेक यंत्रांत कडेनें सोडलेला मंद उजेड कमी-अधिक करण्याची सोय असते. पुस्तक वायफायवरून, तारेवांचून, मिनिटाभरांत येतें. घरीं वायफाय नसेल तर फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागतें. एकदां पुस्तक उतरलें कीं पुढें इंटरनेट लागत नाहीं, आणि एकदां भारलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. वीज वारंवार जाणाऱ्या गांवीं हा गुण लहान नव्हे.

यंत्र विकत घेण्यापूर्वीं मात्र नेत्रतज्ज्ञाकडे अवश्य जावें. कळंबकरांस त्यासाठीं लातूर, बार्शी वा धाराशिव जवळ आहे. कारण मोतीबिंदु असेल तर शस्त्रक्रियेनें दृष्टि बहुधा परत येते, आणि तेथें यंत्रावर पैसे घालविण्यापेक्षां शस्त्रक्रिया करून घेणें शहाणपणाचें आहे. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, पण उरलेली राखतां येते. मधुमेहानें पडद्यास झालेल्या इजेचेंही पुष्कळसें तसेंच आहे. डॉक्टरांस आणखी एक प्रश्न विचारावा: दृष्टि गेली आहे ती मधली कीं कडांची? ज्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजला आहे त्यांस समोरच्या माणसाचें तोंड दिसत नाहीं, पण बाजूचें दिसतें. त्यांना खूप मोठें अक्षर उपयोगी पडतें. उलट काचबिंदूनें ज्यांची नजर नळींतून पाहिल्यासारखी अरुंद झाली आहे, त्यांना फार मोठें अक्षर दिलें तर नजरेंत एका वेळीं दोनच अक्षरें मावतात आणि वाक्याचा अर्थ हातीं लागत नाहीं. त्यांना मध्यम अक्षर व भरपूर उजेड हवा. ‘अक्षर जितकें मोठें तितकें चांगलें’ ही समजूत सर्वांना लागू पडत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

थोडी दृष्टि शिल्लक असलेल्यांसाठीं यंत्राची जुळणी करतांना घाई करूं नये. प्रथम अक्षराचा आकार ठरवावा, मग जाडी, मग दोन ओळींमधील अंतर. हें इंग्रजी पुस्तकावर न ठरवितां मराठी पुस्तकावरच ठरवावें. देवनागरींत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांतील भेद एखाद्या लहानशा रेघेचा वा गांठीचा असतो; मात्रा आणि अनुस्वार तर ठिपक्याएवढेच. या जोड्या न अडखळतां ओळखतां आल्या म्हणजे आकार योग्य झाला असें समजावें. कित्येकांस पांढऱ्यावर काळ्यापेक्षां काळ्यावर पांढरें अक्षर सुखाचें वाटतें. कांहीं यंत्रांत तशी उलटापालट करतां येते. खिडकी पाठीमागें किंवा बाजूस येईल अशी बैठक ठेवावी, आणि यंत्र हातांत धरून हात भरून येत असेल तर पोथीच्या व्यासपीठावर तें उत्तम राहतें.

ज्यांना अक्षर मुळींच दिसत नाहीं त्यांचा प्रश्न आवाजाचा आहे, आणि येथें ग्राहकानें फार सावध असावें. अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीचें किंडल यंत्र २००७ मध्यें निघालें तेव्हां तें मुकें होतें. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तींत पुस्तक मोठ्यानें वाचण्याची सोय झाली. पण लेखकांच्या संघटनेनें हरकत घेतली आणि कोणतें पुस्तक बोलावें व कोणतें बोलूं नये हें ठरविणें प्रकाशकांकडे गेलें. त्याविरुद्ध अंध वाचकांनीं त्याच वर्षीं एप्रिलांत न्यूयॉर्क येथें निदर्शनें केलीं. तेथील ॲरिझोना स्टेट विद्यापीठानें पाठ्यपुस्तकांसाठीं हें यंत्र वापरण्याचें ठरवितांच अंधांच्या संस्थांनीं दावा लावला, कारण पुस्तक बोलत असलें तरी पुस्तक निवडण्याची यादी बोलत नव्हती. जानेवारी २०१० मध्यें त्यांत तडजोड झाली. पुढच्या आवृत्तींत यादी बोलूं लागली. पण २०१२ सालीं आलेल्या पेपरव्हाइट यंत्रांतून आवाजच काढून टाकण्यांत आला! तो २०१६ मध्यें ‘व्हॉइसव्ह्यू’ या नांवानें परत आला. या इतिहासाचें तात्पर्य असें कीं, नवें यंत्र जुन्याहून अधिक सोयीचें असेलच असें नाहीं. विकत घेतांना ‘हें बोलतें काय, आणि मराठी बोलतें काय?’ हे दोन प्रश्न विचारून व स्वतःच्या कानांनीं ऐकून मगच पैसे द्यावे.

२०१६ नंतरच्या किंडल यंत्रांत आवाज ब्लूटूथच्या कानयंत्रांतून येतो. यंत्रास स्वतःचा ध्वनिक्षेपक नसतो. डोळसाची मदत न घेतां तें प्रथम सुरू करण्याची रीत अशी आहे: कानयंत्र जोडणीच्या तयारींत ठेवावें, किंडलची कळ नऊ सेकंद दाबून सोडावी, आणि दोन बोटें थोडें अंतर ठेवून पडद्यावर क्षणभर टेकवावीं. कानांत आवाज आला म्हणजे पुन्हा दोन बोटें टेकवून धरावीं. यंत्र बोलूं लागतें व पुढील शिक्षण तेंच देतें. इंग्रजी ग्रंथांचे जे वाचक आहेत त्यांना ही सोय चांगली आहे. मराठी पुस्तकें किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मिळूं लागलीं आहेत आणि मोठ्या अक्षरांत तीं सुरेख दिसतात; पण तीं ऐकावयाचीं असतील तर आमचा सल्ला असा कीं, आरंभ नव्या यंत्रानें न करतां घरांत असलेल्या फोननें करावा.

अँड्रॉइड फोनमध्यें ‘टॉकबॅक’ नांवाची सोय मूळचीच असते. सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागांत ती सांपडते. ती सुरू केली म्हणजे बोट ज्यावर पडेल त्याचें नांव फोन उच्चारतो. एक बोट उजवीकडे सरकविलें कीं पुढील वस्तु, डावीकडे सरकविलें कीं मागील, आणि दोनदां झटपट टिचकी मारली कीं ती वस्तु उघडते. गूगलच्या वाचक-आवाजांत मराठी आहे. त्याची सामग्री घरच्या वायफायवर आधींच उतरवून ठेवावी, म्हणजे शेतावर किंवा प्रवासांतही अडत नाहीं. आवाजाचा वेग प्रथम मंद ठेवावा. कान सरावला कीं वृद्ध मंडळी आपण होऊन तो वाढवावयास सांगतात.

येथें मराठी वाचकास एक विशेष अडथळा भेटतो. यंत्रास वाचतां येतें तें अक्षर, अक्षराचें चित्र नव्हे. संगणकावर जीं असंख्य मराठी पुस्तकें फिरतात त्यांपैकीं पुष्कळ नुसत्या पानांच्या छाया आहेत. तीं डोळ्यांस पुस्तक दिसतात, यंत्रास तीं छायाचित्रें असतात. कांहीं जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळविलेलीं असतात. त्यांत पडद्यावर ‘राम’ दिसला तरी आंत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि यंत्र तो गोंधळच वाचून दाखवितें. फक्त युनिकोडमध्यें असलेलें मराठी यंत्र नीट वाचतें. याची परीक्षा सोपी आहे: पानावरील एका शब्दावर बोट दाबून धरावें. तो शब्द एकटा उचलला जाऊन दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवितां आला तर पुस्तक वाचनीय. नाहीं तर निराशा पदरीं येणार. पुस्तक भेट देणाऱ्यांनीं ही परीक्षा आधीं करावी.

असें वाचनीय मराठी कोठें मिळेल? मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी, दासबोध, तुकोबांची गाथा असे ग्रंथ युनिकोडमध्यें विनामूल्य आहेत. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर याच रूपांत असून जिज्ञासु वृद्धास तो एकटा वर्षभर पुरेल. याहून मोठें भांडार ‘सुगम्य पुस्तकालय’ हें होय. ऑगस्ट २०१६ मध्यें केंद्र सरकारच्या दिव्यांगजन विभागानें डेझी फोरम ऑफ इंडिया व टाटा कन्सल्टन्सी यांच्या सहकार्यानें तें उघडलें. छापील मजकूर ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं अनेक भारतीय भाषांतील पुस्तकें त्यांत ठेवलेलीं आहेत. नांवनोंदणीसाठीं अपंगत्वाचा दाखला लागतो. म्हणून जिल्हा रुग्णालयांतून तो आधींच मिळवून ठेवावा. याच्या मागें कायद्याचें बळ आहे, हेंही वाचकांस ठाऊक असावें. २०१२ च्या दुरुस्तीनें आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत अशा वाचकांसाठीं पुस्तकाची सुलभ प्रत करण्याची मुभा मिळाली, आणि २०१३ च्या माराकेश कराराला संमति देणाऱ्या राष्ट्रांत जून २०१४ मध्यें भारत पहिला ठरला. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नसून वाचकाचा हक्क आहे.

यंत्राच्या आवाजाविषयीं भलती अपेक्षा मात्र ठेवूं नये. गद्य तें स्वच्छ वाचतें; ओवी व श्लोक यांची चाल त्यास कळत नाहीं, संधि-समासांवर तें अडखळतें आणि माणसांचीं नांवें विचित्र उच्चारतें. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यंत्राकडून ऐकावें. पोथी मात्र घरच्या माणसानेंच वाचावी. किंवा माणसांच्या आवाजांत मुद्रित केलेलीं बोलतीं पुस्तकें मिळवावीं. तीं करण्याचें काम नॅब ही १९५२ सालीं मुंबईस स्थापन झालेली संस्था करीत आली आहे. अशी वांटणी केली म्हणजे श्रवणाची जुनी चाल मोडत नाहीं आणि सूनबाईंवरही दोन प्रहरीं भार पडत नाहीं.

शिकविणाऱ्यांस दोन शब्द. बहुतेक घरांत हें कार्य कॉलेजांत जाणाऱ्या नातवावर येतें, आणि तो काय करतो? आजोबांच्या हातून फोन घेतो, चार ठिकाणीं बोट लावतो व ‘हें घ्या, झालें’ म्हणून परत देतो. आजोबा कांहींच शिकत नाहींत. उलट आपण अडाणी आहों अशी त्यांची समजूत होते. नियम असा करावा कीं, शिकविणाऱ्यानें यंत्रास हात लावावयाचा नाहीं. तोंडानें सांगावें, आणि बोट शिकणाऱ्याचेंच फिरूं द्यावें. पहिल्या दिवशीं फक्त तीन गोष्टी: पुढें, मागें, उघड. दुसऱ्या दिवशीं त्याच पुन्हा. आठवडाभर एकच पुस्तक, आणि तेंही पूर्वीं वाचलेलें व आवडीचें. म्हणजे एखादें वाक्य हुकलें तरी धागा तुटत नाहीं. रोजचा पाठ अर्ध्या तासापेक्षां अधिक नसावा. चुकून भलतेंच उघडलें तर घाबरूं नये म्हणून ‘घरीं परत’ येण्याची खूण अगदीं आरंभीं शिकवावी. आजोबांप्रमाणेंच आजींच्या आणि आत्याबाईंच्या हातींही हें यंत्र पडेल असें पाहावें. पुष्कळ घरांत नवी वस्तु प्रथम पुरुषांच्या खोलींत जाते व तेथेंच राहते.

एक पथ्य सर्वांनीं पाळावें. पुस्तक खरेदीसाठीं खातें उघडतांना खुणेचा शब्द ज्याचें पुस्तक त्यास सांगितलाच पाहिजे, आणि महिन्याला किती रुपयांचीं पुस्तकें घ्यावीं हें त्यानेंच ठरवावें. पैशाच्या व्यवहाराचे निरोप फोन मोठ्यानें वाचतो, म्हणून कानयंत्राची संवय लावावी. त्यानें कोणतें पुस्तक ऐकलें याची यादी पाहण्याचा मोह मुलांनीं आवरावा. वडिलांच्या कपाटास आपण न विचारतां हात लावीत नसूं, तर या कपाटासही लावूं नये.

घरांत दृष्टिहीन बालक असेल तर मात्र केवळ ऐकण्यावर भागवूं नये. कानांनीं शिकलेल्यास ऱ्हस्व-दीर्घ कळत नाहीं आणि स्वतः लिहितांही येत नाहीं. त्यास सहा ठिपक्यांची ब्रेल लिपि शिकवावी. भारतीय भाषांसाठीं ती १९५१ मध्यें एकरूप करण्यांत आली. मराठींत ‘स्पर्शज्ञान’ हें ब्रेल पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ रोजीं स्वागत थोरात यांनीं सुरू केलें, यावरून बोटांनीं वाचणारा मराठी वाचकवर्ग आहे हें उघड दिसतें. सत्तरीनंतर, विशेषतः मधुमेहानें बोटांची जाणीव बोथट झाल्यावर, ब्रेल शिकणें कठीण पडतें. बालपणीं तें सहज येतें. तेव्हां ज्याचें त्यास द्यावें.

या दिवाळींत घरच्या वडीलधाऱ्यांस धोतरजोडी किंवा शाल देण्याचा बेत असेल तर ती अवश्य द्यावी. त्याबरोबर महिनाभर रोज अर्धा तास आणि एक युनिकोडमधील पुस्तक द्यावें. महिन्याच्या अखेरीस आजोबांनीं हांक न मारतां दुसरें पुस्तक आपण होऊन उघडलें, एवढें एका घरांत जरी घडलें तरी हें लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.